भिंतीचं विरजण

नाव वर्षा आणि उभा जन्म काढला अकोल्यात. गावंड्यांच्या घरात ही थट्टा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली होती, ती अजून कुणाला जुनी वाटत नव्हती. पण यंदा चैत्र सरता सरता पारा सत्तेचाळीसला टेकला आणि वर्षाला त्याचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही. तिच्या घरात सत्तावीस होतं. कूलरची घरघर नाही, एसीचं बिल नाही. बाहेरून आलेला माणूस उंबरठा ओलांडताच आधी "हाऽऽ" करी आणि नमस्काराचं त्याला मागाहून आठवे.

सगळी करामत भिंतीची. कागदोपत्री तिचं नाव ‘सजीव शीतल गिलावा’ असं होतं, पण ते ती बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली माणसंच घेत. गाव तिला माठभिंत म्हणे, आणि गावाचंच बरोबर होतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार. भिंतीनंही तेच करायचं. राख, माती आणि पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, कोळसा यांचा चार बोटं जाड, जाळीदार गिलावा. पायथ्याशी एक पन्हळ. पन्हळीत तांदूळ, भाज्या, भांडी धुतलेलं पाणी ओतायचं. वात तेल ओढते तसा गिलावा ते पाणी वर ओढून घेई.

पण नुसती ओली भिंत चार महिन्यांत कुजते, घाण मारते, तिला मीठ फुटतं. म्हणून गिलाव्यात जिवाणू पेरलेले असत. पाण्यातलं उष्टं, तेल, साबण ते खाऊन टाकत आणि बदल्यात एक बुळबुळीत डिंक तयार करत. ऊन तापलं की हा डिंक आकसे आणि गिलाव्याची छिद्रं उघडत. रात्री तो फुगे आणि छिद्रं मिटत. पाणी हवं तेव्हाच उडे, वाया जात नसे. सोबतीला थोडं शेवाळ असे, त्यामुळे भिंतीला ओल्या मेंदीचा रंग येई. गोम एवढीच की हे जिवाणू एकेकटे काही करत नाहीत. रासायनिक खुणांनी ते आपली शिरगणती करतात आणि पुरेशी गर्दी जमली की मगच सगळे मिळून कामाला लागतात. विरजण कमी पडलं की दूध दूधच राहतं, तसंच हे.

प्रयोगशाळेच्या पुडीतल्या नवख्या जिवाणूंना घरच्या पाण्याची आणि तिखटामिठाची सवय व्हायला महिना-दीड महिना लागे. शेजारच्या रुळलेल्या भिंतीच्या पन्हळीतल्या पाण्यावरची वाटीभर साय आणून घातली, तर आठवड्यात काम भागे. मग काय विचारता! अकोल्यात भिंतीचं विरजण या दारातून त्या दारात जायला लागलं. मुंबईच्या दमट हवेत माठभिंत मुळीच चालत नाही, हे कळल्यावर तर अकोलेकरांना भिंतीचा गारवा दुप्पट वाटायला लागला.

तर यंदाच्या या गारव्यावर वर्षानं एक मोठा बेत बांधला होता. तिची एकुलती एक लेक ईश्वरी पुण्याला असे. तिचे वैशाखात दिवस भरत होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही वर्षाच्या जिवाची आस होती. ईश्वरीची सासू म्हणत होती, "एवढ्या उन्हात अकोल्याला कशाला? इथंच करू की." सासू चांगली होती हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर लेक धावत आली असती.

"आई, मला यायचंय गं," ईश्वरी म्हणाली होती. "पण डॉक्टरांनी सांगितलंय, खोली तिसाच्या वर जाता कामा नये. तुमच्याकडे दुपारची वीज गेली की एसी काय कामाचा?"

"आपल्या भिंतीले वीज लागत नाही," वर्षा अभिमानानं म्हणाली.

ईश्वरी तिच्या बापासारखी, पुराव्याशिवाय काही न मानणारी. तिनं कुरिअरनं एक बोटभर तापमापक पाठवला. तो बाळंतिणीच्या खोलीत खिळ्याला टांगला की खोलीचा आकडा पुण्यात तिच्या फोनवर दिसे. लेकीनं माहेरावर पहारा बसवला, असं वर्षाचा नवरा विलास म्हणाला. तो निवृत्त शिक्षक होता, त्याला लेकीचं कौतुक वाटलं. रोज सकाळ-संध्याकाळ सत्तावीस, अठ्ठावीस असे आकडे जात राहिले आणि अखेर ईश्वरीनं तिकीट काढलं. वर्षाला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

या सुखात एकच खडा होता आणि तो बोळाच्या पलीकडे राहत होता. मीनाक्षी, वर्षाची थोरली जाऊ. दोन भावांची दोन घरं, मध्ये हातभर बोळ. चार-पाच वर्षांपूर्वी मीनाताईंनी एसी बसवला आणि त्याचं बाहेरचं यंत्र नेमकं बोळात लावलं. घर गार व्हायचं आणि त्यांच्या घरातली सगळी आग वर्षाच्या तुळशीवर. पंधरवड्यात तुळस काडी काडी झाली. वर्षानं बोळात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. तिकडून मीनाताई म्हणाल्या, "तुह्या तुळशीपायी मी नवरा मरू देऊ का?" त्या उन्हाळ्यात थोरल्या भाऊजींना ऊन लागून दवाखान्यात नेलं होतं, हे वर्षाला ठाऊक होतं. पण तोंडातून सुटलेलं सुटलं. तेव्हापासून दोन घरांत पुरुष बोलत आणि बायका एकमेकींच्या दिशेनं भांडी आपटत.

पुढं माठभिंती आल्या. वर्षाची भिंत गल्लीतली पहिली. वर्षभरात मीनाताईंनीही गिलावा करून घेतला आणि विलास म्हणाला, "भावाले विरजण मी नेऊन देतो, तू नको जाऊ." वर्षानं मान दुसरीकडे फिरवून होकार दिला. पण या शहाण्या माणसानं फळीवरून हाताला लागली ती वाटी उचलली. ती होती वर्षाच्या माहेरची मोठी स्टीलची वाटी, बुडाशी तिच्या आईचं नाव कोरलेलं. मीनाताईंची भिंत हिरवीगार झाली, बोळातलं यंत्र कायमचं गप्प झालं, वर्षानं नवी तुळस लावली. वाटी मात्र परत आली नाही.

"दुसरी घे ना," विलास म्हणे.

"प्रश्न वाटीचा नाही," वर्षा म्हणे. आणि अर्थातच प्रश्न वाटीचाच होता.

ईश्वरी यायला पंधरा-वीस दिवस उरले तेव्हा वर्षानं बाळंतिणीची खोली साफ करायला घेतली. प्रयोगशाळेच्या पत्रकात ठळक छापलं होतं की पन्हळीत फिनाईल, ब्लीचिंग पावडर, अ‍ॅसिड टाकू नये. हे तिला तोंडपाठ होतं. तिनं फिनाईलच्या बाटलीला बोटसुद्धा लावलं नाही. तिच्या आईनं जे केलं, आजीनं जे केलं, तेच तिनं केलं. कडुनिंबाचा पाला पातेलंभर पाण्यात उकळला, त्यात मूठभर हळद टाकली आणि त्या पाण्यानं फरशी, खिडक्या, पलंग, कपाट सगळं पुसून काढलं. ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून खोलीला धुरी दिली. तान्ह्या बाळाच्या वाटेला एक जंतू येऊ द्यायचा नाही असा तिचा निर्धार होता.

बादलीत पाणी उरलं. आता, माठभिंतीच्या घरात एक नियम होता. पाण्याचा थेंब मोरीत जाऊ द्यायचा नाही, सगळं भिंतीला. वर्षानं ती पिवळीधमक बादली उचलली आणि "तुही शुद्ध हो गं बाई" म्हणत पन्हळीत रिकामी केली.

दोन दिवसांनी भिंत चहाच्या रंगाची झाली. तिसऱ्या दिवशी नासक्या दह्यासारखा वास सुटला. दुपारी खोलीत तेहतीस होतं.

विलासनं मदतक्रमांकावर फोन लावला आणि वर्षाच्या हातात दिला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"काकू, पन्हळीत काही टाकलंत का?"

"छे! फिनाईल नाही, काही नाही. नुसतं कडुनिंब न् हळद. औषधीच आहे ते."

"जंतू मरावेत म्हणून टाकलं ना, काकू?"

"हो तर!"

"मेले," मुलगी म्हणाली.

भिंतच जंतूंची आहे हे वर्षाला माहीत नव्हतं असं नाही. पण बाळाचे जंतू वेगळे आणि भिंतीचे वेगळे असं तिनं मनात कुठंतरी धरून ठेवलं होतं. मुलीनं तिला समजावलं. पन्हळ रिकामी करा, गिलावा साध्या पाण्यानं भरपूर धुऊन काढा, हळदीचा अंश निघून जाऊ द्या. मग नवं विरजण. पुडी पाठवली तर दीड महिना. "तुमच्या गल्लीत, तुमच्याच पाण्यावरची दुसरी भिंत आहे का कुणाची? असली तर काम आठवड्यावर येईल."

"नाही," वर्षा म्हणाली.

फोन ठेवल्यावर विलासनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं, म्हणजे तिला भांडता आलं असतं. त्यानं बाह्या सरसावल्या आणि नळी लावून भिंत धुवायला घेतली.

संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला. "आई, आकडा वर का चाललाय?"

"ते तुहं यंत्र बिघडलं असंल," वर्षा म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. लेकीशी ती सहसा खोटं बोलत नसे. पण खोट्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तापमापक खिळ्यावरून काढला आणि माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला.

घटकाभरात फोन वाजला. "आई, खोली बावीसवर आलीय. सत्तेचाळीस डिग्रीत?"

"भिंत मस्त चालू आहे आता," वर्षा म्हणाली.

"आई, तू ते कुठं ठेवलंयस? फ्रिजमध्ये?"

"फ्रिजमध्ये नाही!" वर्षा खरोखरच दुखावली. "माठावर."

ईश्वरी आधी हसली, मग हसता हसता रडायला लागली. "आई, मला यायचंय गं. मला तुझ्याच हातचं खायचंय, तुझ्याजवळच निजायचंय. पण पोटातल्या जिवाला घेऊन मी त्या भट्टीत कशी येऊ? खरं काय ते सांग ना. नाहीतर मी तिकीट रद्द करते."

मग वर्षानं सगळं सांगितलं. कडुनिंब, हळद, बादली, सगळं.

"मग मीनाकाकूंकडून विरजण आण की," ईश्वरी म्हणाली. "त्यांची भिंत आपल्याच भिंतीची आहे ना?"

"पुण्यात ऊन कसं आहे गं?" वर्षानं विचारलं.

"तुमचं भांडण माझ्या बाळंतपणापेक्षा मोठं असेल तर तसं सांग." एवढं बोलून ईश्वरीनं फोन ठेवला.

लेक उद्धट बोलली नव्हती, हेच वर्षाला जास्त लागलं. ती स्वयंपाकघरात जाऊन फळीवरची भांडी न्याहाळू लागली. विरजण मागायला जायचं तर हातात भांडं हवं, आणि जावेच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभं राहायचं म्हणजे नाक कापून हातात घेऊन जायचं. शेवटी ती भांड्याशिवायच निघाली. बोळ ओलांडायला दोन पावलं पुरत होती. ती टाकायला तिला संध्याकाळ झाली.

मीनाताईंनी दार उघडलं. केस पिकले होते, बारीक झाल्या होत्या. रोज खिडकीतून दिसणारी बाई जवळून वेगळीच दिसत होती.

"ये," त्या म्हणाल्या.

आत पाऊल टाकताच ओळखीचा गारवा अंगाला लागला, ओल्या मातीचा आणि थोडा शेवाळाचा. वर्षाच्याच घरचा गारवा होता तो. तिला एकदम गलबलून आलं.

"यंदा ऊन लय आहे नाही, ताई?" ती म्हणाली.

"हे सांगायले आली?"

"भाऊजी बरे आहेत नं?"

"हे काय बसले. मोबाईलवर बुद्धिबळ खेळून राह्यले. हरले की मलेच बोलतात."

"कैरीचं लोणचं झालं का घालून?"

मीनाताईंनी कमरेवर हात ठेवले. "वर्षा, ताकाले येऊन भांडं काहून लपवतं? तुह्या भिंतीचा वास दोन रोज झाले माह्या खिडकीत येऊन राह्यला. आन तुहं भांडं तर माह्याजोळच आहे."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वरच्या फळीवरून ती वाटी काढून आणली. घासून लखलखीत ठेवलेली होती. बुडाशी आईचं नाव स्वच्छ दिसत होतं.

"तुले वाटलं असंल, बुडवली," मीनाताई म्हणाल्या. "रिकामी कशी पाठवू? भांडं रिकामं परत करत नाहीत. एका संक्रांतीले तीळगूळ भरला. म्हटलं गोड बोल म्हनून पाठवावा. मग वाटलं, हिनं वापस पाठवला तर? बसून मीच खाल्ला. एकदा आंब्याचा रस काढला. तो ह्यांनी पेला."

"मी वापस नसता पाठवला, ताई."

"पाठवला असता."

वर्षानं मनाशी विचार केला. पाठवला असता.

"तुळशीचं मले लागलं होतं," मीनाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. बाहेरच्या खोलीत भाऊजींना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "पन तवा ह्यांचे डोळे फिरले होते वर्षा. दवाखान्यात मले वाटलं, गेलेच. घरी आनल्यावर मले दुसरं काही दिसतच नव्हतं. जिथं सांगितलं तिथं यंत्र लावू दिलं. तुही तुळस वाळली ते मी रोज पाह्यची. पन म्हनायचं कसं?"

वर्षाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ताई, भाऊजी आजारी असताना मी गल्लीत उभं राहून बोलले. माणूस बघायचं सोडून तुळस बघितली. चुकलं माझं."

"मी बी कमी बोलली का? जाऊ दे. पोरगी कधी येऊन राह्यली?"

"भिंत सुधारली तर येईल. नाहीतर पुण्यालाच."

"येते कशी नाही!" मीनाताई म्हणाल्या आणि वाटी घेऊन थेट पन्हळीपाशी गेल्या. भिंत डोळे निववेल अशी हिरवी होती. पन्हळीच्या पाण्यावर जाड, सायीसारखा थर आला होता. त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या. देव्हाऱ्यात दिवा लावलेला होता. बाहेर रस्त्यावरचेही दिवे लागले होते.

दोघींच्या एकदमच लक्षात आलं. दिवेलागण झाली की घरातलं विरजण कुणाला देत नाहीत. मीठ नाही, विरजण नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. दोघींच्या सासूनं हे दोघींना एकाच ओट्यापाशी शिकवलं होतं.

"मी सकाळी येते, ताई," वर्षा म्हणाली. अजून एक रात्र भिंत विरजणाविना राहिली तर लेकीचं तिकीट रद्द होऊ शकतं, हे तिला कळत होतं. पण मागायचं तरी कसं?

मीनाताई वाकलेल्याच होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. वाटी त्यांनी पन्हळीत बुडवली आणि काठोकाठ भरून वर काढली.

"मी कुठं देऊन राह्यली?" त्या म्हणाल्या. "मी तर वापस करून राह्यली. वाटी तुही, विरजण बी तुह्याच घरचं. सासरी आलं होतं, आता माहेरी चाललं."

वर्षानं दोन्ही हातांनी वाटी घेतली. थेंब सांडू नये म्हणून पदर धरून ती बोळातून अशी चालली, जणू वाटीत तेवती वात होती. मीनाताई उंबऱ्यात उभं राहून "हळू, हळू" म्हणत राहिल्या.

विलासनं धुऊन ठेवलेल्या भिंतीच्या पन्हळीत विरजण पडलं. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. मीनाताई सकाळ-संध्याकाळ येऊन नाकानं भिंत तपासून जात आणि "गर्दी जमू दे" म्हणत. मग एका सकाळी पायथ्याशी, पन्हळीच्या वर, हाताच्या पंजाएवढा हिरवा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो कमरेइतका चढला. जिवाणूंची शिरगणती पुरी झाली असावी. दुपारी छिद्रं उघडली आणि आकडा खाली यायला लागला. बत्तीस, तीस, अठ्ठावीस.

"आई, या वेळी माठ नाही ना?" ईश्वरीनं फोनवर विचारलं.

वर्षानं फोनचा कॅमेरा खिळ्याला टांगलेल्या तापमापकावर धरला. शेजारी मीनाकाकू हात हलवत उभ्या होत्या. ईश्वरीनं त्या दोघींना एका चौकटीत बघितलं आणि तापमापकाकडे बघायचंच विसरली.

ईश्वरी आली. वैशाखाच्या ऐन उन्हात तिला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत धुरी आता दार बंद करून नाही, तर अंगणात निखारे पेटवून, बाळाची टोपडी-दुपटी त्यावर धरून दिली जात होती. शेकाचं, डिंकाच्या लाडवांचं, बाळाच्या तेल-पाण्याचं सगळं दोन घरांतून होत होतं. ईश्वरी दुपारी मुलीला कुशीत घेऊन भिंतीला पाठ लावून झोपे. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असे. फोनवरचा आकडा बघायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

बारशाला वर्षानं घुगऱ्या केल्या आणि पहिली वाटी, तीच वाटी, बोळापलीकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी ती कुरड्यांनी भरून परत आली. वर्षानं लिंबाचं लोणचं भरून पाठवली. ती शेवयांनी भरून आली.

"अगं आई, वाटी तर आपलीच आहे ना?" ईश्वरी हसत म्हणाली. "आता आली आहे तर ठेवून घे की. पुन्हा पुन्हा पाठवायची कशाला?"

"बरोबर म्हणते पोरगी," विलासनं वर्तमानपत्राआडून री ओढली.

वर्षाचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती फळीवरचे डबे एकामागून एक उघडून आत डोकावत होती.

"ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण डिंकाचे लाडू किती उरलेत ते आधी सांगा. रिकामी तर पाठवता येत नाही."